हायड्रेट तापवताना पाणी नेमकं कधी जातं: थर्मामीटरपेक्षा वजनकाट्याचं ऐका

मोरचूद किती डिग्रीला पांढरं होतं? दहा जणांना विचारून बघा, कोणी १०० म्हणेल, कोणी ११०, कोणी १५०, एखादा छातीठोकपणे २०० सांगेल, आणि गंमत म्हणजे यातलं कुणीच सपशेल चूक नसतं. दोन पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत म्हणून मी सुरुवातीला बरेच दिवस वैतागलो होतो, आधी ओव्हनवर संशय घेतला, मग थर्मामीटर बदलला, आणि शेवटी लक्षात आलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. बर्फ शून्याला वितळतो तसा हायड्रेटचा, म्हणजे स्फटिकात पाणी धरून बसलेल्या क्षाराचा, पाणी सोडायचा एकच एक आकडा नसतो. किती पाणी जाणार हे मात्र पक्कं ठरलेलं असतं. म्हणून हे सगळं प्रकरण "किती डिग्री" असं न बघता "किती ग्रॅम" असं बघायचं, मग गोंधळ बराच कमी होतो.

पाणी आत कुठे बसलेलं असतं

स्फटिकजल म्हणजे ओलावा नव्हे, इथे बऱ्याच जणांची पहिली गल्लत होते. ओल्या फडक्यातलं पाणी कितीही असू शकतं, स्फटिकजल मोजून असतं. मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये, दर कॉपरमागे पाण्याचे बरोब्बर ५ रेणू, त्यातले ४ कॉपरला थेट धरून बसलेले आणि पाचवा हायड्रोजन बंधांनी सल्फेटच्या आसपास अडकलेला. मोलार वस्तुमान २४९.६८, त्यातलं पाणी ९०.०८, म्हणजे ३६.०८ टक्के. शंभर ग्रॅम मोरचूद हातात घेतलंत तर ३६ ग्रॅम पाणी हातात आहे आणि हात कोरडा! धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे तर त्याहून पुढचे, सोडियम कार्बोनेट डेकाहायड्रेटमध्ये ६३ टक्के पाणीच असतं, सोडा नावापुरता.

हे पाणी नुसतं उडत नाही, उपटून काढावं लागतं. साधं पाणी वाफ व्हायला २५ डिग्रीला मोलमागे ४४ किलोजूल घेतं, मोरचुदातून पाचही पाणी काढायला एकूण साधारण ३०० किलोजूल लागतात, म्हणजे दर पाण्यामागे ६० च्या आसपास. वरचे १६ ही त्या बंधांची किंमत. आणि सगळे बंध सारखे घट्ट नसल्यामुळे पाणी टप्प्याटप्प्याने जातं.

मग आकडा का बदलतो

हायड्रेटच्या डोक्यावर कायम थोडी पाण्याची वाफ असते. एखाद्या तापमानाला पेंटाहायड्रेट (पाच पाण्यांचा), त्याच्या खालचा ट्रायहायड्रेट (तीन पाण्यांचा) आणि वाफ हे तिघं एकत्र गुण्यागोविंदाने राहत असतील तर त्या वाफेचा दाब ठरलेलाच असतो, गिब्जच्या फेज नियमातून हे सरळ निघतं: घटक २ (क्षार आणि पाणी), फेज म्हणजे वेगवेगळी रूपं ३ (दोन घन आणि वाफ), उरलं स्वातंत्र्य १, म्हणजे तापमान ठरलं की दाबही ठरला. आता आजूबाजूच्या हवेतली वाफ त्या दाबापेक्षा कमी असेल तर पाणी निघत राहणार, जास्त असेल तर निघणार नाही, उलट कोरडा झालेला भाग पाणी परत ओढून घेणार. बस, एवढंच आहे सगळं.

आता बघा, क्रुसिबलवर झाकण घट्ट ठेवलंत तर निघालेली वाफ आतच कोंडते आणि पुढचं पाणी निघायला जास्त तापमान लागतं. झाकण काढून कोरड्या हवेचा झोत सोडलात तर तोच क्षार २०-३० डिग्री आधीच पाणी सोडून मोकळा. भराभर तापवलंत तर तापमान पुढे पळतं आणि क्षार मागे राहतो, त्यामुळे आकडा वर दिसतो. मोठे खडे असतील तर आतल्या पाण्याला बाहेर यायलाच वेळ. म्हणून मोरचुदासाठी ६३, १०९ आणि २०० असे जे तीन आकडे बऱ्याच ठिकाणी दिसतात (पहिली दोन, पुढची दोन, शेवटचं एक) ते ढोबळ खुणेचे दगड समजायचे, त्यावर भांडायचं नाही.

आणखी एक, पाणी सगळीकडून एकदम निघत नाही. चांगला स्वच्छ निळा खडा घ्या, सुईने त्यावर एक ओरखडा काढा आणि मंद गरम करा, पांढरटपणा बहुतेक वेळा त्या ओरखड्यापासूनच सुरू होतो आणि तिथून पसरत जातो. भेग, चरा, तुटलेला कोपरा अशा जागी नवीन फेजचं पहिलं बी पडतं. फॅरेडेनेही हे टिपलं होतं की धडधाकट स्फटिक बराच काळ जसाच्या तसा राहतो आणि चरा पडला की तिथून फुलायला लागतो. खडा पांढरा झाला तरी आकार तोच राहतो, कडा कोपरे सगळं जागच्या जागी, पण बोटाने दाबला की पीठ.

सामान

पोर्सिलेनचं क्रुसिबल आणि झाकण, क्ले ट्रँगल, तिपाई, बर्नर, चिमटा, डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं झाकणाचं भांडं), आणि काटा. काटा निदान ०.०१ ग्रॅमचा, ०.००१ चा मिळाला तर उत्तम, कारण २ ग्रॅमच्या नमुन्यात ०.०१ ची चूक म्हणजे अर्धा टक्का इथेच गेला. ओव्हन असेल तर सोन्याहून पिवळं. गॉगल घालायचाच, यावर चर्चा नाही, स्फटिक तडतडून उडतात आणि ते गरम असतात. स्वयंपाकाची भांडी यात आणायची नाहीत, एकदा मोरचूद लागलेलं भांडं परत खाण्याकडे न्यायचं नाही.

पहिल्यांदा करताना मोरचूद किंवा एप्सम सॉल्ट घ्या. कोबाल्ट क्लोराइड गुलाबीचं निळं होताना दिसतं फार सुंदर, पण ते आरोग्याला घातक आहे, कर्करोगाशी त्याचा संबंध लावतात, त्यामुळे त्याची पूड उघड्यावर तापवणं नको. बेरियम क्लोराइड डायहायड्रेट हे जुन्या प्रॅक्टिकलचं लाडकं (१४.७५ टक्के पाणी, अगदी स्वच्छ उत्तर येतं) पण पोटात गेलं तर विष आहे, घरी अजिबात नको.

आधी नुसतं डोळ्यांनी बघा

वजन बिजन नंतर. कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर मोरचूद घ्या, ट्यूब आडवी धरा आणि तोंड किंचित खाली झुकवा. हे झुकवणं महत्त्वाचं आहे: निघालेली वाफ ट्यूबच्या थंड तोंडापाशी थेंब होऊन जमते, तोंड वर असेल तर तोच थेंब घरंगळत तापलेल्या बुडाशी येतो आणि काच टचकन तडकते. माझ्या पहिल्या दोन ट्यूब अशाच गेल्या.

आता हळूहळू तापवा. आधी निळा रंग फिकट होतो, आकाशी, मग निळसर पांढरा, आणि ट्यूबच्या वरच्या भागात धुकं धरतं, मग थेंब. शेवटी उरते राखाडीकडे झुकणारी पांढरी पूड. थंड झाल्यावर ड्रॉपरने पाण्याचा एकच थेंब टाका, पूड जागच्या जागी निळी होते, चर्र आवाज येतो आणि ट्यूब हाताला चांगली गरम लागते. मगाशी पाणी काढायला जी ऊर्जा घातली त्यातलीच ही परत मिळाली. थेंब एकच, चमचाभर ओतू नका, वाफ अंगावर येते.

आता मोजून करायचं

रिकामं क्रुसिबल झाकणासकट आधी लालसर होईपर्यंत तापवा, ५ मिनिटं, मग डेसिकेटरमध्ये पूर्ण थंड करा आणि वजन करा. रिकामं कशाला तापवायचं असं वाटेल, पण पोर्सिलेनवर ओलावा आणि बोटांचा तेलकटपणा असतो आणि तो नंतर तुमच्या क्षाराच्या नावावर चढतो. यापुढे क्रुसिबलला हात लावायचा नाही, चिमटाच.

गरम क्रुसिबल काट्यावर ठेवायचं नाही हे सगळेच सांगतात, कारण कमी जण सांगतात. गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर चढते आणि भांड्यालाही थोडं उचलते, त्यामुळे आकडा कमी दिसतो आणि थंड होता होता वाढत जातो. काट्यावर आकडा सरकत असेल तर समजा भांडं अजून गरम आहे. किंवा क्षार हवेतलं पाणी ओढतोय, निर्जल मोरचूद त्यात पटाईत आहे, म्हणूनच उघड्यावर गार न करता डेसिकेटर.

क्षार साधारण २ ते २.५ ग्रॅम, खलात हलकेच बारीक केलेला, पण जोरजोरात घोटू नका, घासण्याच्या उष्णतेने आणि उघड्या हवेने तिथेच थोडं पाणी जाऊ शकतं. क्रुसिबलच्या बुडात पातळ थर पसरा, ढीग नको. झाकण थोडं कलतं ठेवा म्हणजे वाफेला वाट राहते आणि उडालेले कण आतच पडतात. पहिली ७-८ मिनिटं ज्योत लहान आणि लांब, नुसती फिरवत राहायची. घाई करून पहिल्याच मिनिटाला मोठी ज्योत लावली की स्फटिक लाह्यांसारखे फुटतात, क्षार झाकणाला जाऊन चिकटतो नाहीतर बाहेर उडतो आणि बाहेर उडालेला प्रत्येक कण हिशोबात "पाणी" म्हणून धरला जातो. तडतड थांबली की ज्योत थोडी वाढवा, आणखी १० मिनिटं.

थंड करा, वजन करा, परत ५ मिनिटं तापवा, परत थंड, परत वजन. लागोपाठच्या दोन वजनांत २-३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नाही असं झालं की थांबायचं, याला स्थिर वजन म्हणतात. कंटाळवाणं आहे, कबूल, पण अख्ख्या कामात फसवणूक पकडणारी पायरी हीच.

माझ्या वहीतला एक प्रयोग जसाच्या तसा: रिकामं क्रुसिबल २१.३६४ ग्रॅम, मोरचुदासकट २३.६७४, म्हणजे क्षार २.३१०. पहिल्यांदा तापवून २२.८७१, दुसऱ्यांदा २२.८५०, तिसऱ्यांदा २२.८४८. म्हणजे उरला १.४८४, गेलं ०.८२६. आता उरलेला भागिले १५९.६१ केलं की ०.००९३० मोल निर्जल कॉपर सल्फेट, गेलेलं भागिले १८.०२ केलं की ०.०४५८ मोल पाणी, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ४.९३. पाचच्या जवळ पण पाच नाही. पहिल्या वजनावर थांबलो असतो तर ४.७२ आलं असतं, म्हणजे त्या दोन जादा फेऱ्यांनी किती फरक पडला बघा.

पाचपेक्षा कमी आलं तर बहुतेक वेळा पाणी आतच राहिलेलं असतं, किंवा वजन करेपर्यंत पुडीने हवेतून परत ओढलेलं असतं, किंवा मुळातच बाटलीतला क्षार आधीच थोडा सुकलेला होता. पाचपेक्षा जास्त आलं तर तीन संशयित: नमुना दमट होता, कण उडाले, किंवा जास्त तापवलं. जास्त तापवल्याची खूण रंगात दिसते, पूड बुडाशी तपकिरी आणि मग काळी पडायला लागते, म्हणजे कॉपर सल्फेट स्वतःच मोडून काळा कॉपर ऑक्साइड बनायला लागला आणि सल्फरचे ऑक्साइड उडायला लागले, ते घशाला झोंबतात. असा नमुना वाचवता येत नाही, फेकून नवीन घ्या. निर्जल क्षार मोडायला खरं तर ६०० च्या वर जावं लागतं, पण बर्नरच्या थेट ज्योतीखाली क्रुसिबलचं बूड तिथवर सहज जातं.

टप्पे वेगळे पकडायचे असतील तर

बर्नर यासाठी निरुपयोगी आहे, ओव्हन हवा. वरचाच २.३१० ग्रॅम मोरचूद ओव्हनमध्ये ११० ला रात्रभर ठेवला तर ४ पाणी जाऊन मोनोहायड्रेटवर (एका पाण्यावर) अडकतो, वजन १.६४३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे २८.८६ टक्के घट. तिथेच आणखी एक दिवस ठेवलं तरी फारसा फरक पडत नाही, शेवटचं पाणी हट्टी. मग ओव्हन २२०-२५० वर नेला की उरलेले ७.२ टक्के जातात. मधला ट्रायहायड्रेट ओव्हनमध्ये पकडणं मात्र कटकटीचं, कारण कोरड्या हवेत तो थांबतच नाही, हळूहळू पुढे सरकतो.

एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट, यातही तीच गोष्ट. एकूण पाणी ५१.२ टक्के, त्यातली सहा साधारण १५० पर्यंत गेलेली असतात (४३.९ टक्के) आणि सातवं २०० च्या वर गेल्याशिवाय हलत नाही. मी खात्रीसाठी ३०० पर्यंत नेतो. पण एप्समला एकदम वर न्यायचं नाही, आधी ७०-८० वर दोन-तीन तास, नाहीतर तो स्वतःच्याच पाण्यात विरघळून लगदा होतो, वर कडक साय धरते आणि खालून वाफेचे बुडबुडे ती फोडून सगळं ओव्हनभर शिंपडतात. ओव्हन घासायला मला अर्धा दिवस लागला होता.

जे पाणी सोडायच्या आधी वितळतात

हा एप्समचा लगदा म्हणजे एका मोठ्या गोष्टीची झलक आहे. काही हायड्रेट पाणी हवेत सोडत नाहीत, आधी स्वतःच्याच पाण्यात बुडतात. यात वजन बदलत नाही पण फेज बदलतो, आणि हे दोन वेगळे ओळखता येणं फार गरजेचं आहे.

ग्लॉबर सॉल्ट, सोडियम सल्फेट डेकाहायड्रेट, हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि बर्नर लागत नाही, कोमट पाणी पुरतं. टेस्ट ट्यूबमध्ये अर्ध्यापर्यंत क्षार भरा, थर्मामीटर खोचा, तोंडाला कापसाचा सैल बोळा (बूच कधीच नाही, बंद ट्यूब तापवायची नसते), आणि ४० डिग्रीच्या पाण्यात ठेवून हलवत राहा. तापमान चढत चढत ३२ च्या थोडं वर येतं आणि तिथे ठाण मांडून बसतं. हा ३२.३८ चा बिंदू इतका भरवशाचा आहे की थर्मामीटर तपासायला वापरला गेलाय. इथे मात्र आकडा पक्का, कारण इथे दोन घन फेज, द्रावण आणि वाफ असे चौघं एकत्र येतात आणि फेज नियमात स्वातंत्र्य शून्य उरतं, वरच्या मोरचुदात एक होतं तसं नाही.

नीट बघितलंत तर ट्यूबमधलं सगळं स्वच्छ द्रव होत नाही. वर द्रावण आणि खाली पांढरा गाळ. तो गाळ निर्जल सोडियम सल्फेट, कारण ज्या पाण्यात तो सुटला त्या पाण्यात तो सगळा मावत नाही. आता थंड करा. गाळ तळाशी, पाणी वर, मग दोघं परत भेटणार कसे? गाळाच्या वरच्या थरावर डेकाहायड्रेटचं कवच धरतं आणि खालचा गाळ तसाच अडकून पडतो. दरवेळी थोडा थोडा क्षार असा बाद होतो.

याच एका गोष्टीने एक अख्खं घर अडचणीत आलं होतं. १९४८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हरला मारिया टेल्केस यांनी सूर्याच्या उष्णतेवर घर गरम ठेवायचा प्रयोग केला, उष्णता साठवायला डब्यांतून ग्लॉबर सॉल्ट भरलं होतं. कल्पना झकास, किलोमागे अडीचशे किलोजूलच्या आसपास उष्णता सामावते आणि तापमानही खोलीच्या जवळचं. पण थोड्याच हिवाळ्यांत क्षार थरांत वेगळा होत गेला आणि उष्णता साठवायची ताकद घटत गेली. तुमच्या ट्यूबमध्ये तोच गाळ दिसतो, फक्त लहान. तुमची ट्यूब हलवता येते, घराच्या भिंतीतले डबे हलवता येत नाहीत.

थंड करताना अजून एक गंमत होते, तापमान ३२ च्या खाली बरंच जातं तरी काही गोठत नाही, अतिशीत होतं. तेव्हा डेकाहायड्रेटचा एक छोटा खडा टाका, त्याच्याभोवती सुया धरायला लागतात आणि थर्मामीटर परत वर चढतो. बोरॅक्सची चिमूट घातली तरी काम होतं, त्याच्या पृष्ठभागावर डेकाहायड्रेट सहज धरतं.

सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट ४८ च्या आसपास वितळतं आणि तसंच अतिशीत राहतं. तुरटी ९२-९३ ला वितळते, मग स्वतःच्या पाण्यात रटरट उकळते, घट्ट होते, आणि शेवटी अशी काही फुगते की भांड्याच्या तिप्पट जागा खाते, हलकी, सच्छिद्र, पांढरी, म्हणून तिला तुरटीची लाही म्हणतात. तुरटीत ४५.६ टक्के पाणी असतं, क्रुसिबलमध्ये करायची तर एक ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, मी दोन घेतली होती आणि झाकण वर उचलून बाजूला पडलं.

जिप्सम

जिप्सम वितळत नाही, त्याचा फेज बदल जास्त उपयोगी आहे. डायहायड्रेट, एकूण पाणी २०.९ टक्के, आणि १२० ते १५० च्या दरम्यान त्यातलं दीड पाणी जाऊन अर्ध्या पाण्याचा हेमिहायड्रेट उरतो, तोच प्लास्टर ऑफ पॅरिस. घट १५.७ टक्के, म्हणजे किलोभर जिप्समचं ८४३ ग्रॅम प्लास्टर. १७६५ मध्ये लाव्हाझिएने जिप्समवर काम करून दाखवलं होतं की तापवल्यावर जातं ते पाणी आहे आणि प्लास्टर घट्ट होताना तेवढंच पाणी परत घेतं.

बारीक जिप्सम पसरट भांड्यात तापवलं तर एक मजेदार दृश्य दिसतं, कोरडी पूड चक्क उकळते, खालून येणारी वाफ पूड ढवळत राहते, मधेच भोकं पडतात आणि भप्प करून वाफ सुटते. हे उकळणं मंदावलं की दीड पाणी गेलं समजायचं. इथे थांबा. पुढे तापवत राहिलात तर २०० च्या आसपास उरलेलं अर्धं पाणीही जातं, तो निर्जल प्रकार अजून पाण्याचा भुकेला असतो, हवेतूनच ओढून परत हेमिहायड्रेट होतो. पण तसंच ३५०-४०० च्या पुढे नेलंत तर आतली रचनाच बदलून अॅनहायड्राइट होतं, आणि ते पाणी घालून कितीही कालवलं तरी लवकर धरत नाही, याला मेलेलं प्लास्टर म्हणतात. वजनकाट्यावर हे दोन्ही सारखेच दिसतात. घट तीच, रासायनिक सूत्र तेच, वागणूक वेगळी. म्हणजे वजनकाट्याचं ऐका हे खरं, पण तो फक्त किती पाणी गेलं ते सांगतो, उरलेलं कसं रचलं गेलं ते सांगत नाही, त्यासाठी थोडी पूड पाण्यात कालवून धरते का बघावं लागतं, नाहीतर एक्स-रे.

यांना तापवून पाणी काढायला जाऊ नका

मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट तापवून निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड मिळेल असं गणितात दिसतं, प्रत्यक्षात शेवटची पाणी जाता जाता क्लोराइडलाच मोडतात आणि हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, तोच झोंबणारा आम्लाचा. उरतं ते ऑक्साइड आणि ऑक्सिक्लोराइडचं मिश्रण. अॅल्युमिनियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड यांचंही तेच. निर्जल हवं असेल तर हायड्रोजन क्लोराइडच्या झोतातच तापवावं लागतं, ते घरचं काम नाही. हायड्रेट असलेले नायट्रेट, उदाहरणार्थ कॉपर नायट्रेट, तापवले की नायट्रोजन डायऑक्साइडचे तपकिरी धूर येतात आणि ते फुफ्फुसांना वाईट. हिराकस (फेरस सल्फेट) सुरुवातीला सज्जनासारखा हिरव्याचा पांढरट होतो, पण हवेत तो गंजतो आणि जोरात तापवला की लाल आयर्न ऑक्साइड आणि सल्फरचे ऑक्साइड, म्हणून त्याच्यावरून पाणी मोजायला जाऊ नका, उत्तर कधीच धड येत नाही.

टीजीएचा आलेख हातात आला तर

टीजीए म्हणजे काटा आणि भट्टी एकत्र, तापमान चढतं तसं वजन छापलं जातं. आलेखात सपाट पायऱ्या आणि उतार दिसतात, आपण बघायचं पायरीची उंची. मोरचुदात १४.४, १४.४ आणि ७.२ टक्के अशा तीन पायऱ्या आल्या तर २, २, १ असं वाचायचं. मिनिटाला २ डिग्रीने तापवलं तर पहिल्या दोन पायऱ्या वेगळ्या दिसतात, २० ने तापवलं तर एकात एक मिसळून एकच मोठी २८.९ ची पायरी दिसते आणि लोक "ट्रायहायड्रेट नसतोच" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. उघडं पॅन की झाकणाला बारीक भोक असलेलं पॅन, हे लिहिलेलं नसेल तर त्या आलेखातल्या तापमानावर फार विसंबू नका. सोबत डीएससीचा (तापताना नमुना किती उष्णता शोषतो ते दाखवणारा) आलेख असेल तर सोपी खूण: उष्णता शोषल्याचं शिखर आहे आणि त्याच जागी वजनही घटलंय, तर पाणी गेलं, शिखर आहे पण वजन जागच्या जागी, तर वितळलं किंवा रचना बदलली. यंत्र बरोबर चाललंय का तपासायला कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट टाकून बघतात, १२.३ टक्के पाणी, मग १९.२ कार्बन मोनॉक्साइड, मग ३०.१ कार्बन डायऑक्साइड, पायऱ्या अशाच यायला हव्यात.

जुन्या बाटल्या

हे सगळं शिकून रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग कुठे होतो, तर कपाटातल्या जुन्या बाटल्यांवर. माझ्याकडे धुण्याच्या सोड्याची एक बाटली होती, लेबलवर डेकाहायड्रेट, आत मात्र पारदर्शक खडा एकही नाही, सगळी पांढरी भुकटी. ३.००० ग्रॅम घेऊन १५० ला स्थिर वजनापर्यंत तापवली, उरली २.५६१. घट १४.६ टक्के, डेकाहायड्रेट असता तर ६३ यायला हवी होती. मोनोहायड्रेटची घट १४.५ असते, म्हणजे बाटलीतल्या दहातली नऊ पाणी झाकणाच्या फटीतून कधीच निघून गेलेली. लेबलवरच्या २८६ या मोलार वस्तुमानाच्या हिशोबाने मी त्यातून द्रावण केलं असतं तर ते ठरवलेल्यापेक्षा २.३ पट तीव्र झालं असतं. पेनाने "डेका" खोडलं, "मोनो" लिहिलं, खाली तारीख टाकली.